हौदातले सव्वीस

मासे जिवंत होते. सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तो कारखान्याच्या दर्शनी इमारतीपुढच्या हौदाशी येऊन उभा राहिला, तेव्हा सव्वीसच्या सव्वीस मासे नेहमीसारखे, कसलीच घाई नसल्यासारखे फिरत होते. आणि ते मेलेले असणार अशी मनाची पुरती तयारी करून तो घरून निघाला होता. गाडी चालवताना त्याने वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. जे झालं त्याची जबाबदारी माझ्या विभागाची, म्हणजे माझी. शनिवारी दुपारी रंगखात्याने कोणाला न कळवता ब्लीचचं एक अख्खं भांडं गटारात सोडून दिलं होतं. कापड रंगवायच्या त्या कारखान्यातून निघणारं सगळं पाणी शेवटी त्याच्याकडे, सांडपाणी प्रकल्पात येत असे, आणि तिथल्या मोठ्या टाकीतले जिवाणू ते साफ करत. ब्लीचने ते जिवाणू दोन तासांत मेले. तपकिरी टाकी राखाडी झाली, वर साबणासारखा फेस आला. रविवारचा सबंध दिवस त्याने टाकीच्या काठावर काढला. नाल्याकडे जाणारं तोंड त्याने लगोलग बंद करायला लावलं होतं, पाणी राखीव टाकीत वळवलं होतं. पण शेवटच्या टाकीतून हौदाकडे जाणारा दोन बोटं जाडीचा पाइप कोणाच्याच ध्यानात आला नाही. आठवला तेव्हा सहा तास उलटून गेले होते, आणि मग हौदाशी जाऊन बघायचा त्याला धीर झाला नाही. सहा तास त्या पाण्यात कुठलाही मासा टिकला नसता. हे त्याच्याइतकं त्या कारखान्यात दुसऱ्या कोणालाही नक्की ठाऊक नव्हतं.

पहिलं अर्धं मिनिट त्याला नुसता आनंद झाला. सुटलो, असं तो मनाशी म्हणालाही. मग त्याने बाही वर सरकवली आणि हात पाण्यात घातला. त्या हौदाकडे तो रोज बघत असे, हात कधी घालत नसे. ओली बोटं त्याने नाकाशी नेली. प्रकल्पाच्या पाण्याला, ते कितीही साफ झालं तरी, एक वास राहतो. बंद खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांचा असतो तसा. बाहेरच्या माणसाला तो जाणवत नाही. त्याच्या सदऱ्यांना मात्र तो इतका बसलेला होता की बायको त्याचे कपडे वेगळे भिजवत असे. बोटांना कसलाच वास नव्हता. त्याने पुन्हा हात बुडवला, पुन्हा हुंगला. कामावर येणारे दोघे कारकून त्याला नमस्कार करून पुढे गेले आणि जाताना मागे वळून बघत राहिले. हौदामागे झुडपांचं कुंपण होतं. ते ओलांडून तो पहिल्यांदाच पलीकडे गेला. त्याच्या प्रकल्पाकडून आलेला पाइप भिंतीशी कापलेला होता, तोंडाला बूच बसवलेलं होतं, आणि बुचावरून बाकीच्या पाइपांसारखाच हिरवा रंग मारलेला होता. काम नीटनेटकं होतं, घाईचं वाटत नव्हतं. शेजारी माळ्याच्या खोलीच्या छपरावर एक निळी टाकी होती आणि तिच्यातून निघालेला नवा पाइप हौदात शिरत होता.

माळी साठीला टेकलेले होते, सगळे त्यांना काका म्हणत. परक्याला रस्ता सांगावा तसं त्यांनी न बिचकता सगळं सांगितलं. नळाचं पाणी लगेच सोडून चालत नाही, एक दिवस टाकीत उघडं ठेवावं लागतं, नाहीतर क्लोरीनने माशांचे कल्ले भाजतात. किती दिवस चाललंय हे, असं त्याने विचारल्यावर ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले आणि म्हणाले, "तीन वर्षं होतील, साहेब. तुमचे वडील गेले ना, त्या आठवड्यात." त्या आठवड्यात एका सकाळी अकरा मासे पोट वर करून तरंगत होते, आणि दोनच दिवसांनी पर्यावरण पुरस्काराची समिती पाहणीला यायची होती. मोठे साहेब स्वतः इथे उभे राहिले. देखभालीच्या दोघांनी दोन तासांत पाइप बदलला. अकरा नवे मासे दुकानातून आणले. "तुम्हाला सांगितलं असेल असं धरून चाललो मी," काका म्हणाले, आणि कात्री पुसत, "तुम्ही रोज सकाळी यायचात, बघायचात, हसायचात. मला वाटायचं, साहेबांना ठाऊक आहे आणि तरी हसताहेत. म्हणजे माणूस पोचलेला आहे."

प्रकल्पाकडे जाणारा रस्ता चालून चार मिनिटांचा होता, आणि त्या चार मिनिटांत त्याला काही धड सुचेना. मध्येच एकदा त्याने बोटं नाकाशी नेली. हौदाची कल्पना त्याची होती. सात वर्षांपूर्वी प्रकल्प उभा राहिला तेव्हा मोठ्या साहेबांपुढे तो म्हणाला होता, की आकडे कोणी वाचत नाही, आपण आपल्याच पाण्यात मासे ठेवू, बघणाऱ्याला एका नजरेत कळेल. पहिल्या वर्षी सहा मेले, नऊ मेले, आणि दर वेळी तो धावत प्रकल्पात गेला, काहीतरी बिघडलेलं सापडलं, त्याने ते दुरुस्त केलं. मासा त्याला बातमी देत असे. मग हळूहळू मासे मरेनासे झाले. त्याला वाटलं, जमलं आपल्याला. आता तो मागे मागे जाऊन ती वेळ शोधत होता, की नेमकं कधी मासे मरायचे थांबले, आणि दर वेळी येऊन पोचत होता त्याच एका आठवड्यावर. पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रात फोटो आला, हौदाच्या कठड्यावर बसलेला तो, मागे मासे. कंपनीचं नाव झालं, कामं वाढली, रंगखात्यात दुसरी पाळी सुरू झाली. आणि तो सकाळी आधी हौदाशी जाऊ लागला, मग खोलीत, मग दुपारी कधीतरी टाकीकडे. पूर्वी तो आधी टाकीकडे जात असे. हा क्रम कधी उलटा झाला ते त्याला सांगता आलं नसतं. कार्यालयात पोचल्यावर त्याने कपाटातून एक जुनी फाइल काढली. दोन वर्षांपूर्वी, दुसरी पाळी सुरू झाली तेव्हा, टाकीत हवा सोडणारा आणखी एक ब्लोअर लागेल असा मागणीअर्ज त्याने केला होता, आणि महिन्याभराने तो स्वतःच मागे घेतला होता. अर्जावर त्याच्याच अक्षरात शेरा होता: हौदातील मासे उत्तम आहेत, तूर्त आवश्यकता वाटत नाही. खाली सही. सही ठसठशीत होती, ज्या दिवशी सगळं बरं चाललेलं असतं त्या दिवशी माणूस करतो तशी. दुसरा ब्लोअर असता तर शनिवारी टाकीतले निम्मे जिवाणू तरी वाचले असते का? असते, कदाचित. कदाचित हा शब्द त्याच्या दैनंदिन नोंदीत कुठेच नव्हता.

संध्याकाळी दार उघडताना बायकोने नेहमीचंच विचारलं, मासे काय म्हणतात? त्यांच्या घरात तो प्रश्न हवापाण्याच्या जागी होता. सगळे आहेत, असं तो म्हणाला. मग तोंड असं का केलंय, एखादा गेल्यासारखं, असं म्हणत ती आत गेली, आणि तो बाहेरच्या खोलीत बूट न काढता बसून राहिला. त्याचे वडील वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. शिक्क्याची वजनं एका चामडी पेटीत घालून ते दुकानोदुकानी जात, तागड्या तपासत, खोट्या तागड्या जप्त करत. सगळ्या शहरात ते कोणावर विश्वास ठेवत नसत, एका गल्लीच्या कोपऱ्यावरचा वाणी सोडून. घरचं वाणसामान ते स्वतः तिथूनच आणत, घरी आणून आपल्या काट्यावर पुन्हा तोलत, आणि तोलून झालं की त्यांचा चेहरा असा काही सैल होई की आई तेवढ्यात जे मागायचं ते मागून घेत असे. हा एक माणूस आहे म्हणून मला नोकरी करवते, असं ते म्हणत. ते गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांचे कपडे घड्या करून ठेवताना ताई म्हणाली होती, की त्या वाण्याकडे दोन तागड्या होत्या. एक बाबा आले की काढायची. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आईलाही. आईने तिला दम देऊन ठेवला होता, बाबांना सांगशील तर खबरदार, त्यांना सुखाने झोपू दे. तेव्हा तो आणि ताई हसत सुटले होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, मेलेल्या माणसाच्या सदऱ्यांच्या ढिगापाशी बसून. तो आठवडा तोच होता. तो हसत होता त्याच सुमारास इकडे दोन माणसं पान्याने त्याचा पाइप सोडवत असणार. त्याने ताईला फोन लावला. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, की बाबांना कधीच संशय आला नसेल का गं? तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "त्यांना तो घ्यायचाच नव्हता रे. त्या दुकानातून आले की खुशीत असायचे."

मोठे साहेब मंगळवारी भेटले. ते चिडले नाहीत, त्यांनी चहा मागवला, आणि एखाद्या जुन्या शस्त्रक्रियेबद्दल बोलावं तसे त्या आठवड्याबद्दल बोलले. वडिलांना पोचवायला गेलेल्या माणसाला फोन करून मासे मेले म्हणून सांगायचं का? नाही ना? मग तुम्ही परत आलात. पहिले काही दिवस तुमच्याकडे बघवत नव्हतं. मग पुरस्कार मिळाला आणि तुम्ही महिन्याभराने पहिल्यांदा हसलात, त्या हौदाशीच. तेव्हा सांगायचं? सांगायला पुढे तीन वर्षं होती, असं तो म्हणाला. मोठ्या साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही खूश होता," ते म्हणाले. "खूश माणसाला कोण हलवतं?" मग त्यांनी समजावलं, की पाणी नळाचं आलं म्हणून काही प्रकल्प बंद पडला नव्हता, प्रयोगशाळेचे आकडे खरेच होते, मर्यादेच्या आतच होते, हौद म्हणजे शेवटी दारापुढची रांगोळी, तिच्यावरून कोणी घराची भिंत जोखत नाही. तो म्हणाला, मी जोखत होतो. त्यावर मोठे साहेब खरोखरच ओशाळले, निदान त्याला तसं वाटलं. मग ते गुरुवारच्या पाहुण्यांकडे वळले. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाची दोन माणसं येणार होती. पुढच्या तीन वर्षांचं काम त्यांच्या अहवालावर ठरायचं होतं, म्हणजे दुसरी पाळी राहायची की जायची हेही, आणि दुसऱ्या पाळीत दोनशे माणसं होती. त्यांना हौद बघायचा होता, आणि हौदाशी तोच उभा असायला हवा होता. "तुमच्या तोंडून ऐकलं की लोकांना पटतं. आम्ही तेच बोललो तर जाहिरात वाटते." पाइपाचं काय, असं त्याने दारातून विचारलं. गुरुवार जाऊ दे, मग बघू.

मंगळवारी आणि बुधवारी त्याने टाकी पुन्हा जिवंत करायचा प्रयत्न केला. शेजारच्या कारखान्याच्या प्रकल्पातून जिवाणूंचा गाळ दोन टँकर भरून मागवला. साहेबांनी विरजण आणलं, असं म्हणून त्याची माणसं हसली. तोही हसला, आणि आपण हसलो हे लक्षात येताच थांबला. कुठल्या हसण्यावर विसंबायचं हेच त्याला कळेनासं झालं होतं. तासातासाने तो नमुना घेत होता, पण नळीतल्या पाण्याकडे बघताना डोळे मध्येच दुसरीकडे जात, जणू नळीला त्याच्याबद्दल काही ठाऊक होतं. बुधवारी दुपारी मनुष्यबळ विभागाच्या तरुण बाईंचा आठवणीचा फोन आला. वार्षिक समाधान पाहणी फक्त तुमचीच राहिलीय सर, उद्या बाराला बंद होईल. दर वर्षी तो पाच मिनिटांत वीसही विधानांपुढे पाचाचा, म्हणजे पूर्ण सहमतीचा, आकडा दाबून मोकळा होत असे. गेल्या वर्षीच्या अहवालात या बाईंनी एक आलेख काढला होता: एक रेघ व्यवस्थापकांच्या समाधानाची, एक कंपनीच्या पर्यावरण कामगिरीची, एक बाजारातल्या नावलौकिकाची. तिन्ही हातात हात घालून चढत गेलेल्या. बाजूला त्याचा फोटो. समाधानी व्यवस्थापक मन लावून काम करतो, त्याने पाणी साफ राहतं, त्याने नाव होतं, त्याने व्यवस्थापक आणखी समाधानी होतो, असं त्यांनी सभेत सांगितलं होतं आणि सगळ्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं होतं. आता तो त्या रेघांच्या मुळाशी जायला बघत होता. त्याचं समाधान माशांवरून आलं होतं, मासे नळावर जगले होते, नळावर आले होते ते नावलौकिक जाईल या भीतीने, आणि त्या समाधानाने त्याच्याकडून ब्लोअरचा अर्ज मागे घेववला होता. चौदावं विधान होतं: कंपनी पर्यावरणासाठी जे करते त्याचा मला अभिमान वाटतो. त्याने पाचावर बोट नेलं. मग एकावर नेलं. एक दाबणंसुद्धा खोटं होतं. त्या प्रकल्पाची वीट न् वीट त्याने बघून बसवून घेतली होती, आणि ते पाणी कदाचित तीन वर्षं चांगलंच होतं, कदाचित ते अकरा मासे भलत्याच कशाने मेले होते, कदाचित त्याच्या पाण्यात आजही मासे मजेत जगले असते. कोणी बघितलंच नव्हतं. बुधवारी संध्याकाळी सहाच्या नमुन्यात आकडे मर्यादेच्या आत आले. जेमतेम, पण आत.

गुरुवारी सकाळी सव्वाआठला तो पाना घेऊन कुंपणाच्या पलीकडे गेला. बुचावरचा हिरवा रंग आट्यांत बसला होता, ते हलेना. काका मागे येऊन उभे राहिले. काय करताय, असं त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "मासे मी सांभाळलेत, साहेब. ही काही तुमच्या कागदावरची सही नाही." तो म्हणाला, मला ठाऊक आहे. आज पाहुणे आहेत, उद्या करा, काका म्हणाले. आणि त्याने सांगितलं, की उद्या मी करणार नाही, मी स्वतःला ओळखतो, आज दुपारी पाहुणे खूश होऊन गेले की मीही खूश होईन. काकांनी विचारलं, "दोनचार बादलीत काढून ठेवू?" काढा, तो म्हणाला. काका बादली घेऊन हौदाशी गेले, वाकले, मासे त्यांच्या हातापाशी गोळा झाले. आणि ते तसेच सरळ झाले, रिकामी बादली पालथी करून परत आले. कुठले काढायचे, ते म्हणाले, आणि त्याच्या हातातून पाना घेतला. बूच त्यांनीच सोडवलं. दोघांनी मिळून जोड बसवला, निळ्या टाकीचा कॉक बंद केला, आणि नऊ वाजता त्याने व्हॉल्व्ह उघडला. आधी गंजाचं लाल पाणी आलं, ते त्यांनी बाजूला सांडून दिलं, मग साफ. हौद लहान होता, तासाभरात अर्धं पाणी बदललं असतं, दोन तासांत जवळजवळ सगळं. तो कठड्यावर बसला. मोठ्या साहेबांना सांगायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. तो उठला नाही. साडेदहाला पाण्याला वास येऊ लागला, बंद खोलीतल्या कपड्यांचा. एक पांढुरका मासा तळाशी जाऊन कल्ले जोरजोरात हलवत राहिला, आणि त्याच्या स्वतःच्या छातीत कोणीतरी बोट खुपसून ठेवल्यासारखं झालं. त्याने मासे मोजले, सव्वीस होते. पुन्हा मोजले, पंचवीस भरले. काकांनी दगडाच्या सावलीतला एक दाखवला. पूर्वी, अगदी पहिल्या वर्षी, सकाळी इथे येताना त्याला असंच होत असे, हे त्याला आठवलं. नंतर ते गेलं होतं, आणि ते गेलं म्हणूनच सगळं बरं चाललंय असं त्याने धरलं होतं.

साडेअकराला मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले. एक वयस्कर गृहस्थ आणि वही घेतलेल्या एक बाई. बरोबर प्रसिद्धी विभागाच्या बाई होत्या. पायऱ्या उतरता उतरता त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, जे त्याने तीन वर्षांत चाळीसेक वेळा तरी मान डोलवत ऐकलं होतं: हे आमच्या सांडपाणी प्रकल्पातून साफ होऊन आलेलं पाणी. आज ते वाक्य खरं होतं, आणि ते म्हणणाऱ्या बाईंना त्याचा पत्ता नव्हता. पांढुरका मासा वर आला होता, पण अजून एका कुशीवर कलून पोहत होता. मोठ्या साहेबांनी त्याचा खांदा थोपटून सांगितलं, की हेच ते, सगळी कल्पना यांची. त्याच्या खिशातला फोन थरथरला. पाहणी बंद व्हायला अर्धा तास उरल्याचा निरोप असणार. वयस्कर गृहस्थ कठड्यावर वाकले, बराच वेळ बघत राहिले, एकदा त्यांनी नाक किंचित आकसलं, आणि मग मान वर करून मोठ्या साहेबांना नव्हे, त्याला विचारलं, "किती दिवस झाले, हे पाणी इथे सोडताय?"

त्याने घड्याळात बघितलं. झुडपांपाशी काका पाना हातात धरून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते मासे मोजत होते.

"अडीच तास," तो म्हणाला.

प्रसिद्धी विभागाच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, सरांना वर्षं म्हणायचंय. मोठ्या साहेबांचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता. तो जड झाला, आणि मग निघाला. वहीवाल्या बाईंनी लिहायला सुरुवात केली नव्हती, त्या पेन उघडून त्याच्याकडे बघत होत्या.

"नाही, तासच," तो म्हणाला, आणि पुन्हा पाण्याकडे वळला. "नऊपासून. तुम्हीही थांबा थोडा वेळ. मीही बघतोय."